लग्न नाही, पण लेकरू आहे: खावटीबद्दल वाचकांचे प्रश्न

गेल्या काही महिन्यांत यवतमाळ, अमरावती, चंद्रपूर आणि नागपूर जिल्ह्यांतल्या गावांमधून एकाच विषयावर पत्रं आली आहेत. लग्न न होता मूल झालं, तर त्या मुलाच्या बापाकडून काय मागता येतं, कुठे आणि कसं? निवडक पत्रांना इथे उत्तरं देत आहोत. पाठवणाऱ्यांची नावं आणि गावं मुद्दाम वगळली आहेत.

आधी एक खुलासा. खावटीचा, म्हणजे निर्वाहाच्या पैशांचा हक्क देणारं जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं कलम १२५ आता राहिलेलं नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि तोच हक्क तिच्या कलम १४४ मध्ये आला. वकील, कारकून आणि पोलीस पाटील अजून 'एकशे पंचवीस'च म्हणतात, तेव्हा गोंधळू नका. त्या तारखेआधी दाखल झालेले अर्ज जुन्या कायद्याप्रमाणेच चालतात.

प्रश्न: माझ्या लहान बहिणीले दोन वर्षांचं पोरगं आहे. रस्त्याच्या कामावर आलेला मुकादम आमच्याच गावात खोली करून सहा-सात महिने तिच्यासंग राहिला. काम सरलं अन् तो तेलंगणात निघून गेला, आता फोन उचलत नाही. लग्न लागलं नाही. आम्ही कोलाम. एक वकील म्हणते, हिंदू कायदा तुमाले लागत नाही, काही भेटणार नाही. मग पोराचं काय करावं? (झरी-जामणी तालुका)

भाऊ, वकिलाचं म्हणणं अर्धं बरोबर आहे आणि उरलेल्या अर्ध्यानेच तुमचं नुकसान होईल. १९५६ चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही, हे खरं. केंद्र सरकारने अधिसूचना काढली तरच तो लागू होतो. पण कलम १४४ ला जात, जमात, धर्म काही लागत नाही. कोलाम, गोंड, कोरकू, मुस्लिम, बौद्ध, ख्रिस्ती, सगळ्यांना ते सारखंच. त्यात औरस (लग्नातून झालेलं) किंवा अनौरस (लग्नाशिवाय झालेलं) असं कोणतंही मूल स्वतःचा निर्वाह करू शकत नसेल, तर त्याची जबाबदारी बापावर टाकली आहे. लग्न झालं होतं की नाही, हा प्रश्न मुलाच्या खावटीत येतच नाही.

अर्ज करताना पहिली काळजी ही घ्या, की अर्जदार मूल असावं. वर मुलाचं नाव आणि खाली 'अज्ञान पालनकर्ती आई' (अज्ञान म्हणजे अठरा वर्षांखालचं मूल) म्हणून बहिणीचं नाव. ज्यात आई एकटीच अर्जदार असते, ते अर्ज हमखास अडतात. समोरचा वकील पहिल्याच तारखेला म्हणतो की ही बायको नाही, अर्ज फेटाळा. मूल अर्जदार असेल तर हा मुद्दाच उरत नाही.

दुसरी काळजी, अर्ज कुठे करायचा. बाप जिथे आहे किंवा राहतो तिथे, किंवा अनौरस मुलाच्या आईबरोबर तो शेवटचा जिथे राहिला तिथे अर्ज करता येतो. 'बायको राहते तिथे' ही सवलत लग्नाच्या बायकोची आहे, तिच्यावर विसंबू नका. तुमच्या बाबतीत तो गावातच खोली करून राहिला, ही मोठी जमेची बाजू आहे. त्यामुळे तुमच्या तालुक्याच्या न्यायदंडाधिकारी प्रथम वर्ग यांच्या कोर्टात अर्ज चालेल, तेलंगणात खेटे घालायला नकोत. मात्र तो इथे राहिला हे कागदावर दिसलं पाहिजे. खोली ज्यांची त्यांचं शपथपत्र घ्या. किराणा दुकानदाराच्या उधारीच्या वहीत त्याचं नाव असेल तर त्या पानाचा फोटो काढा. आशाताईंना साक्षीसाठी आधीच सांगून ठेवा. बहिणीचं माता-बाल संरक्षण कार्ड आणि ग्रामीण रुग्णालयातले बाळंतपणाचे कागद काढून बघा. 'पतीचे नाव' या रकान्यात त्या वेळी काय लिहिलं गेलं, ते फार महत्त्वाचं ठरतं. भांडण सुरू होण्याच्या कितीतरी आधी ती नोंद झालेली असते, आणि नर्सबाईंना खोटं लिहिण्याचं काही कारण नसतं. त्याने फोनवरून पाठवलेले पैसे, फोटो, व्हॉइस मेसेज पुसू नका. फोन बदलायचा असेल तर जुना तसाच जपून ठेवा.

तिसरी गोष्ट त्याच्या पत्त्याची. नोटीस बजावली गेली नाही तर तारखांवर तारखा पडतात, आणि परराज्यातल्या माणसाची प्रकरणं सर्वांत जास्त इथेच रखडतात. ज्या ठेकेदाराकडे तो होता त्याच्याकडे आधारची प्रत, हजेरीपट, बँक खात्याचा तपशील असतो. गाडीचा नंबर कोणाच्या लक्षात असेल तर तोही द्या. नोटीस मिळूनही तो आला नाही, तर कोर्ट एकतर्फी आदेश देऊ शकतं. तो आदेश रद्द करून घ्यायला त्याला तीन महिन्यांची मुदत असते. आदेश झाल्यावर त्याची प्रत तुम्हाला फुकट मिळते आणि तो माणूस देशात जिथे असेल तिथल्या दंडाधिकाऱ्याकडून वसुली करता येते. राज्याची सीमा ओलांडली म्हणून कोणी सुटत नाही.

खर्चाची चिंता नको. स्त्रिया, मुलं आणि अनुसूचित जमातीच्या व्यक्तींना १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. कोर्टाच्या आवारातच तालुका विधी सेवा समितीचं कार्यालय असतं. जायला जमत नसेल तर १५१०० वर फोन करा. मुख्य अर्जाबरोबर अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या, खावटीचा अर्ज त्याच दिवशी द्या. नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत तो निकाली काढावा, असं कायदाच म्हणतो. आणि उशीर करू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली ठरवून दिल्याप्रमाणे खावटी अर्जाच्या तारखेपासून मिळते, मुलाच्या जन्मापासून नाही. 'येईल तो दिवाळीले' म्हणून वाट बघण्यात जे महिने जातात, ते लेकराच्या हिशेबातून कायमचे जातात.

शेवटचं आणि नाजूक. त्या वेळी बहिणीचं वय अठराच्या आत होतं का? असेल तर हा पॉक्सोचा, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखालचा, गुन्हा आहे. तिची 'मर्जी' होती की नाही याला कायद्यात अर्थ नाही, आणि गावाने मिटवलं म्हणून तो मिटत नाही. तो खटला वेगळा आणि खावटी वेगळी, दोन्ही बरोबर चालू शकतात. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अत्याचारपीडितांना मदत देणाऱ्या मनोधैर्य योजनेचीही चौकशी करा. शिवाय बालसंगोपन योजनेत एकल पालकाच्या मुलासाठी महिन्याला अनुदान मिळतं. त्याचा अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे जातो. सरकारी अनुदान सुरू झालं म्हणून बापाची जबाबदारी कमी होत नाही.

झरी, केळापूर भागातल्या अशा मुलींची बातमी छापून येते, पण त्यांचं पुढे काय झालं, हे विचारायला सहसा कोणी जात नाही. तुम्ही भाऊ म्हणून तिच्या मागे उभे आहात. कोर्टातही पहिल्या तारखेपासून तिच्यासोबत जा.

प्रश्न: एका मुलीने माझ्यावर खावटीचा अर्ज केला आहे. आमचे संबंध होते, पण मूल माझंच आहे याची मला खात्री नाही. डीएनए चाचणी मागू का? आणि तिनेच मागितली तर मी नाही म्हणू शकतो का? (काटोल तालुका)

खरोखर शंका असेल तर चाचणी मागा. केवळ वेळ काढण्यासाठी मागणार असाल तर मागू नका. अंतरिम खावटी चालू राहिली तर थकबाकी तुमच्याच डोक्यावर चढत जाते.

कोर्ट सरसकट चाचणीचा आदेश देत नाही. मुलाला उगाच 'अनौरस' ठरवणारी चौकशी नको, अशी सर्वोच्च न्यायालयाची १९९३ पासूनची भूमिका आहे. पण आई अविवाहित असेल, संबंध तुम्ही मान्य करत असाल आणि पितृत्वावरच वाद असेल, तर आदेश मिळण्याची शक्यता बरीच असते. आदेश झाल्यावर तुम्हाला धरून बांधून रक्त काढत नाहीत. नकार दिला तर कोर्ट त्याचा अर्थ तुमच्याविरुद्ध लावू शकतं, आणि बहुतेक वेळा लावतं.

मुलाच्या जन्मावेळी आईचं दुसऱ्या कोणाशी लग्न झालेलं असेल, तर चित्र पालटतं. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ११६ प्रमाणे लग्न टिकून असताना, किंवा ते संपल्यावर आईने पुन्हा लग्न केलं नसताना २८० दिवसांच्या आत जन्मलेलं मूल नवऱ्याचंच मानतात. त्या काळात नवरा-बायकोचा संबंध येणं शक्यच नव्हतं, हे सिद्ध केलं तरच ते गृहीतक हटतं. जानेवारी २०२५ मध्येही सर्वोच्च न्यायालयाने हेच धरून ठेवलं. कायद्याने एक बाप असताना दुसऱ्याला खावटीसाठी खेचता येत नाही. मात्र कोर्टाच्या आदेशाने चाचणी होऊन निकाल हाती आला असेल, तर गृहीतकापेक्षा विज्ञानाचा पुरावा वरचढ, असंही याच न्यायालयाने २०१४ मध्ये म्हटलं आहे. ते प्रकरण आपल्या नागपूर खंडपीठातूनच तिथे गेलं होतं.

आता प्रत्यक्ष चाचणीबद्दल. बाजारात मिळणारी घरगुती किट किंवा खाजगी लॅबमध्ये गुपचूप केलेली तपासणी कोर्टात टिकत नाही. नमुना कोणाचा, हेच तिथे सिद्ध होत नाही. कोर्टाच्या आदेशाने आई, मूल आणि तुम्ही ठरल्या दिवशी एकत्र हजर राहायचं. प्रत्येकाचा ओळख फॉर्म भरतात, त्यावर फोटो आणि अंगठा किंवा सही घेतात. मग रक्त घेऊन, सील करून न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे पाठवतात. विदर्भात अशी प्रादेशिक प्रयोगशाळा नागपूरला आहे. फोटो राहून गेला, सील फुटलं, तिघांपैकी एक जण आला नाही, अशा साध्या चुकांनी पुन्हा नवी तारीख आणि नवा नमुना होतो.

आपल्या भागात सिकलसेलची (रक्ताच्या आनुवंशिक आजाराची) मुलं बरीच आहेत. मुलाला, किंवा तुमच्यापैकी कोणालाही, गेल्या तीन-चार महिन्यांत रक्त चढवलं असेल तर नमुना घेणाऱ्या डॉक्टरांना आधी सांगा आणि फॉर्मवर लिहून घ्या. दात्याच्या रक्तामुळे निकालात घोळ होऊ शकतो. अशा वेळी गालाच्या आतल्या बाजूचा नमुना घेतात किंवा काही काळ थांबतात.

आणखी एक. तुमच्यावर लग्नाचं आमिष दाखवल्याची पोलीस केस असेल आणि त्यात तुम्ही निर्दोष सुटलात, तरी खावटी सुटत नाही. तिथे प्रश्न गुन्ह्याचा असतो, इथे फक्त एवढाच की मूल तुमचं आहे का आणि त्याचं भागतं का.

प्रश्न: माझ्या मुलाचा बाप कोर्टात सांगतो की त्याच्या नावावर एक गुंठाही नाही, तो बेरोजगार आहे. खरं तर घरचा संत्र्याचा बगिचा आहे, ट्रॅक्टर आहे, कापूस होतो. सगळं त्याच्या वडिलांच्या नावावर. शिवाय म्हणतो, शेतकऱ्याला महिन्याला पैसे येतात का? (वरुड तालुका)

ताई, खावटीची बहुतेक लढाई याच एका मुद्द्यावर हरली किंवा जिंकली जाते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

'काहीच कमवत नाही' हे उत्तर कोर्टात पुरत नाही. धडधाकट माणसाने मजुरी करून का होईना मुलाला पोसलं पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. तेव्हा शून्यावर तो थांबूच शकत नाही. प्रश्न उरतो तो आकडा किती वर नेता येईल याचा, आणि तो आकडा तुमच्या कागदांवर ठरतो.

सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या त्याच निकालापासून दोन्ही बाजूंना मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र द्यावंच लागतं. त्यात शेतीवर जगणाऱ्यांसाठी वेगळा नमुना आहे. जमीन किती, कोरडवाहू की ओलिताची, पिकं कोणती, गाई-म्हशी-शेळ्या किती, कर्ज किती, हे सगळं त्यात लिहायचं असतं. साधारण चार आठवड्यांत ते यायला हवं. तारखांवर तारखा मागून टाळाटाळ केली तर त्याचा बचावच काढून टाकण्याची मागणी तुमच्या वकिलाने करावी. गावाकडच्या कोर्टांत बऱ्याचदा नोकरदारांचाच नमुना भरून दिला जातो. त्यात 'पगार: निरंक' लिहिलं की माणूस मोकळा. तसं होऊ देऊ नका, शेतकऱ्याचाच नमुना मागा.

कागद कुठून आणायचे? महाभूमीच्या संकेतस्थळावरून डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत निघतो. गट नंबर माहीत हवा. नसेल तर नावाने शोधून बघा. सातबारा हातात आला की चार ठिकाणी नजर टाका. क्षेत्र, पीकपाहणीत संत्रा, कापूस, तूर काय लागलंय, पाण्याचं साधन, आणि 'इतर हक्क' हा रकाना. पीककर्जाचा बोजा तिथे दिसतो. बँकेने लाखांत कर्ज दिलं आहे तर शेत पडीक नाही, हे वेगळं सांगावं लागत नाही. सोबत आठ-अ काढा, म्हणजे एकूण खातं कळेल. फेरफारही बघा. तुमची नोटीस मिळाल्यानंतर हक्कसोड किंवा बक्षीसपत्र झालं असेल, तर तारखा शेजारी शेजारी ठेवून दाखवा. दंडाधिकाऱ्यांना त्याहून जास्त सांगावं लागत नाही.

जमीन वडिलांच्या नावावर असली तरी ती वडिलोपार्जित आहे का, मुलगाच कसतो का, घर एकत्र आहे का, याचा विचार होतो. आजोबांवर थेट खावटी बसत नाही हे खरं, पण बापाचं राहणीमान आणि कुवत त्या घरावरून मोजता येते. कापूस सीसीआयला (भारतीय कापूस महामंडळाला) विकला असेल तर पैसे थेट बँक खात्यात येतात. गावात येऊन घेणाऱ्या खेडा खरेदीवाल्याला विकला तर रोख मिळतात आणि माग लागत नाही. म्हणून फक्त त्याच्याच नाही, तर घरातल्या ज्या खात्यात पीकविक्रीचे पैसे येतात त्या खात्याचा उतारा मागवण्याचा अर्ज करा. बगिचा व्यापाऱ्याला दिला असेल तर सौदाचिठ्ठी असते. बाजार समितीची हिशोबपट्टी असते. त्याच्या खात्यात पीएम किसानचे हप्ते येत असतील, तर 'नावावर जमीन नाही' हे त्याचंच म्हणणं तिथे खोटं पडतं.

तुमच्या बाजूचा कागद म्हणजे मुलाच्या खर्चाचा तक्ता. कायद्यात टक्केवारीचं कोष्टक नाही, म्हणून 'दहा हजार द्या' असं मोघम मागितलं तर तीन हजारांवर येऊन थांबतं. एकेक ओळ लिहा. दूध रोज अर्धा लिटर धरलं तर महिन्याला पंधरा लिटर, ६० रुपये भावाने ९०० रुपये. मग धान्य-किराण्यातला मुलाचा वाटा, दवाखाना, कपडे, शाळेचा ऑटो, वह्या-पुस्तकं, घरभाड्यातला वाटा. पावत्या असतील त्या लावा, नसतील तिथे अंदाज असं स्पष्ट लिहा. तुमची स्वतःची कमाई लपवू नका. ती नंतर उघड झाली तर सगळ्या तक्त्यावरचा विश्वास जातो. दोघांच्या कुवतीप्रमाणे भार वाटला जातो, आणि तुम्ही मजुरीला जाता म्हणून त्याचा वाटा संपत नाही.

महिन्याला पैसे येत नाहीत, या म्हणण्यात थोडं तथ्य आहे. त्यावर मार्गही आहे. आदेश महिन्याचाच होतो, पण दोघांच्या संमतीने कोर्टात लिहून देता येतं की डिसेंबर-जानेवारीत कापूस आणि संत्र्याच्या बहाराचे पैसे आले की पुढच्या सहा महिन्यांची रक्कम एकदम मुलाच्या खात्यात जमा होईल. शेतकरी बापासाठी ही सोय चांगली आहे. पण ती कोर्टाच्या कागदावर हवी. तोंडी बोलण्यावर सोडली तर पावसाने पीक गेलं की खावटीही गेली.

प्रश्न: पंचांनी बसून पन्नास हजार घेऊन प्रकरण मिटवलं. 'यापुढे मुलासाठी काही मागणार नाही' असं स्टॅम्पपेपरवर सही करून दिलं. आता काही करता येईल का? (धारणी तालुका)

येईल. मुलाचा निर्वाहाचा हक्क आईला विकता येत नाही, स्टॅम्प शंभरचा असो की पाचशेचा, नोटरी असो नसो. मिळालेले पन्नास हजार अर्जात खरे-खरे दाखवा, कोर्ट ते हिशेबात धरेल. तो कागद फाडू नका. त्यावर 'माझे मूल' असं त्याने लिहून सही केली असेल, तर पितृत्वाचा तुमचा सर्वांत भक्कम पुरावा तोच आहे. अर्ज केला म्हणून वाळीत टाकण्याची धमकी आली तर महाराष्ट्रात २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तक्रार पोलिसांत द्या.

प्रश्न: त्याची पहिली बायको होती हे मला लपवून देवळात लग्न केलं. दोन मुलं आहेत. मला, मुलांना काय मिळेल? शेतीत हिस्सा? (पुसद तालुका)

मुलांच्या खावटीत काहीच अडचण नाही. तुमच्याही नाही: पहिलं लग्न लपवून फसवलं असेल तर खावटीपुरतं त्या स्त्रीला पत्नीच मानावं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात म्हटलं. माहीत असून लग्न केलं असतं तर कलम १४४ खाली तुमचा स्वतःचा अर्ज अवघड झाला असता. तेव्हा २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचा रस्ता बघावा लागतो. एका घरात लग्नासारखं राहिलेल्या स्त्रीला तो लागू होतो, ती आज जिथे राहते तिथेच अर्ज करता येतो, आणि संरक्षण अधिकारी घरगुती घटना अहवाल भरून देतात.

हिश्श्याबद्दल मात्र नीट समजून घ्या. लग्नाचे विधी झाले पण पहिल्या लग्नामुळे ते रद्दबातल ठरलं, तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम १६ ने मुलं औरस ठरतात. बापाच्या स्वतःच्या मालमत्तेत आणि वडिलोपार्जित शेतीतल्या बापाच्या वाट्यात त्यांना हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयात सप्टेंबर २०२३ मध्ये पक्कं झालं. चुलत्यांच्या वाट्यात नाही. जिथे लग्नच लागलं नाही, तिथे मृत्युपत्राशिवाय बापाची मालमत्ता मुलाला वारसाने येत नाही. त्या मुलाला खावटी मात्र मिळते, आणि हिंदू बाप वारला तर त्याच्या मालमत्तेतून अज्ञान असेपर्यंत, मुलीला लग्न होईपर्यंत, निर्वाह मागता येतो. म्हणून देवळातल्या लग्नाचे फोटो, पुजाऱ्याची पावती, उपस्थितांची नावं आजच गोळा करा.

प्रश्न: आमचं लग्न झालं नाही, पण मूल माझं आहे हे मी मानतो. दरमहा तीन हजार रोख देतो. आता तिचं दुसरीकडे लग्न ठरलंय आणि ती मुलाला भेटू देत नाही. पैसे बंद करू का? (मूल तालुका, चंद्रपूर जिल्हा)

बंद करू नका. खावटी मुलाची आहे. आईचं लग्न झालं तरी ती संपत नाही, आणि भेट नाकारली म्हणून थांबवताही येत नाही. अनौरस मुलाची पहिली नैसर्गिक पालक आई, तिच्यानंतर बाप, असं १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या कलम ६ मध्ये आहे. भेटीसाठी १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली स्वतंत्र अर्ज करा. नियमित पैसे देणारा बाप तिथे चांगल्या जागी उभा असतो.

रोख देणं मात्र आजपासून थांबवा. उद्या अर्ज झाला तर आतापर्यंत दिलेल्या एका रुपयाचाही पुरावा तुमच्याकडे नाही. मुलाच्या किंवा आईच्या खात्यात टाका आणि शेऱ्यात 'जून महिन्याची खावटी' असं लिहा. कपडे, सायकल, खाऊ दिला तो वेगळा, खावटीतून वजा धरू नका. बापाचं नाव जन्मनोंदीत घालायचं असेल तर दोघांनी मिळून लेखी संमतीने ग्रामपंचायतीत जा. आईला ते नको असेल तर तिला बळजबरी करता येत नाही. एकल आईला तिच्या शपथपत्रावर मुलाचा जन्मदाखला मिळालाच पाहिजे, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१५ चा निकाल आहे. पुढे कमाई घटली, आजार आला तर स्वतःच रक्कम कमी करू नका. आदेश असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्याच कलम १४६ खाली बदलाचा अर्ज करा.

प्रश्न: महिना ३,५०० रुपयांचा आदेश होऊन चौदा महिने झाले. एक पैसा दिला नाही. तो म्हणतो, जेलमध्ये जाऊन येतो, हिशेब फिटला. (चिमूर तालुका)

हिशेब फिटत नाही. थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, पण ती पैसे भरायला लावण्यासाठी आहे. जेल भोगली तरी रक्कम डोक्यावर तशीच राहते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ सालीच सांगून ठेवलं आहे. नुसतं 'अटक करा' मागू नका. वसुली अर्जातच जंगम मालमत्तेची जप्ती मागा, आणि जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत वसुलीही मागा. ट्रॅक्टरचा नंबर, बँक खातं, जनावरं यांची यादी अर्जाला जोडून द्या. बेलीफाला (जप्तीला येणाऱ्या कोर्टाच्या कर्मचाऱ्याला) काय जप्त करायचं हे माहीत नसेल तर तो 'मालमत्ता आढळली नाही' असं लिहून परत येतो.

आणि तारीख बघा. रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज केला नाही, तर त्या महिन्यांसाठी वॉरंट निघत नाही. चौदा महिन्यांपैकी सर्वांत जुने दोन महिने, म्हणजे सात हजार रुपये, या मार्गाने आताच हातचे गेले आहेत. पुढच्या महिन्यात तिसराही जाईल. एकदाच मोठा अर्ज करायची वाट न बघता दर तीन-चार महिन्यांनी नवा वसुली अर्ज टाकत राहा. पहिला या आठवड्यातच द्या. आदेशाची प्रत, महिनावार थकबाकीचा तक्ता आणि पासबुकाची झेरॉक्स एवढं पुरेसं आहे.